मोटर बंद करून भाडेकरू निघत नाही: एका घरमालकांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार साहेब,

घर भाड्याने देण्यावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतोय. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा: लेख पुस्तकी आहे. सोलापुरात भाडेकरू काढायला कोणी कोर्टाची पायरी चढत नाही. पाण्याची मोटर बंद केली, मीटरजवळचा फ्यूज काढला की आठ दिवसांत माणूस बिऱ्हाड हलवतो. रजिस्टर करार म्हणजे एजंटांचं पोट भरणं, नोटरी पुरते. शिलाई मशीनवाल्या भाडेकरूबद्दल लिहिलेलं म्हणजे अतिरेक. आणि एकूणच मी भाडेकरूची बाजू घेतो. शेवटी तुम्ही लिहिलंय की जुळे सोलापुरातल्या तुमच्या घरात वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाने दोन महिने भाडं दिलेलं नाही, नोटरीचा करार चार महिन्यांपूर्वीच संपलाय, आणि या रविवारी तुम्ही मोटर बंद करणार आहात.

करू नका. कारण दयेचं नाही, तुमच्याच फायद्याचं आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चं कलम २९ सांगतं की घरमालकाने भाडेकरूचा अत्यावश्यक पुरवठा, म्हणजे पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडासची सोय, पुरेशा कारणाशिवाय तोडू नये की अडवू नये. भाडं थकलं हे कारण त्यात चालत नाही, थकबाकीची वाट वेगळी आहे. मीटर तुमच्या नावावर आहे, मोटर तुमच्या पैशाची आहे, याने काही फरक पडत नाही. ‘मी तोडलं नाही, बिल भरलं नाही म्हणून महावितरणने तोडलं’ ही पळवाटही बंद आहे, कारण मालकाच्या चुकीमुळे किंवा टाळाटाळीमुळे दुसऱ्या यंत्रणेने पुरवठा तोडला तरी तो मालकानेच अडवला असं कायदा धरतो. भाडेकरूचा तक्रारीचा अर्ज गेला की न्यायालय आधी पुरवठा सुरू करायला सांगतं आणि बाकीचं नंतर बघतं. शिक्षेत कैदेचीही तरतूद आहे. म्हणजे काल जो दोन महिन्यांचा थकबाकीदार होता तो आज तक्रारदार झाला, आणि थकबाकीवर बोलायची तुमची पाळी मागे गेली. कुलूप बदलण्याचंही तेच. कायदेशीर मार्गाशिवाय बाहेर काढलेला माणूस विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतो. घर कोणाच्या मालकीचं हा प्रश्न त्या दाव्यात निघतच नाही.

आठ दिवसांत निघून जाणारे भाडेकरू असतात, हे मान्य. पण ते असेही गेलेच असते. जो मुरलेला असतो तो दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जातो, आणि तुमची मोटर बंद असल्याचा व्हिडिओ त्याच्या मोबाइलमध्ये असतो.

आता कराराचं. ‘अकरा महिन्यांचा असला की रजिस्टर लागत नाही’ हा समज सोलापूरभर आहे आणि त्याला मूळ आहे. नोंदणी कायद्यात एक वर्षापर्यंतच्या भाडेपट्ट्याला सवलत आहे. पण महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ त्याच्या वर बसलेलं आहे: भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीपुरती जागा वापरायची नुसती परवानगी), करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. ती जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. ‘भाडं पाच हजारच ठरलं होतं’, ‘डिपॉझिट एक लाख दिलं होतं’, ‘कायमचा भाडेकरू म्हणून आलो होतो’, काहीही. नोटरीच्या शिक्क्याने यातलं काहीच थांबत नाही. वर मालकालाच तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

खर्चाचा हिशेब करून बघा. भाडं ७,००० रुपये, परत करायचं डिपॉझिट २१,०००, मुदत ११ महिने. एकूण भाडं ७७,०००, डिपॉझिटवर वार्षिक १० टक्क्यांनी ११ महिन्यांचं धरलेलं व्याज १,९२५, बेरीज ७८,९२५. तिच्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशे रुपयांच्या आसपास. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. त्यावर दस्त हाताळणीचं शुल्क आणि घरी अंगठ्याचं मशीन घेऊन येणाऱ्याची फी. काही जण घरपट्टी वाढेल या भीतीने करारच लपवतात. घरपट्टी वाढलीच तरी ती वर्षाला किती आणि अडकलेलं घर महिन्याला किती, हा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या पैशात मिळतं ते कलम २४. राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लिव्ह अँड लायसन्स करार संपला आणि माणूस निघाला नाही, तर दिवाणी दाव्याऐवजी शासनाने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे नोंदणीकृत करारात लिहिलेली गोष्ट निर्णायक पुरावा मानतात. समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत समोरच्याने प्रतिज्ञापत्रासह बाजू मांडायची परवानगी मागितली नाही, तर तुमचा अर्ज त्याला मान्य आहे असं धरतात. आणि मुदतीनंतर घर अडवलं त्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई लागते, ७,००० चे १४,०००. शेवटचा आकडा समोरच्याला नोटिशीत वाचायला मिळतो तेव्हा बरेच विषय तिथेच मिटतात. दुकानगाळ्याला हा मार्ग नाही, फक्त राहत्या जागेला.

‘सोलापुरात कोणी कोर्टात जात नाही’ यात तथ्य आहे. जात नाहीत, कारण न्यायला कागद नसतो.

पहिल्यांदाच घर भाड्याने देणाऱ्याने तीन-पाच वर्षांच्या मोठ्या मुदतीच्या नादी लागू नये असं मी म्हणतो ते याचसाठी. मुदतीच्या मध्येच करार रद्द केला तर कलम २४ लागू होतं की नाही यावर वाद घालायला जागा राहते. मुदत सरलेल्या करारात ती फारशी राहत नाही. अकरा महिने, दोन्ही बाजूंनी एक महिन्याची सूचना, आणि दहावा महिना लागला की नवा करार किंवा निरोप. तुमच्यासारखे चार-चार महिने कराराविना पुढे ढकलणं, खरी अडचण तिथे तयार होते. मुदत संपल्यावर पैसे आलेच तर पावतीवर ‘भाडे’ लिहू नका, ‘जागेच्या वापराची भरपाई, हक्क अबाधित ठेवून’ असं लिहा.

आता थकलेलं भाडं डिपॉझिटमधून वळतं करून घेण्याच्या तुमच्या पद्धतीबद्दल. डिपॉझिट तीन महिन्यांचं. दोन महिने ‘यात्रा झाली की देतो’, ‘पगार अडकलाय’ ऐकण्यात गेले. नोटीस दिली, निघायला तिसरा महिना लागला. २१,००० संपले. आता लाईट बिल, फुटलेलं बेसिन, रंगाचा एक हात कशातून? म्हणून थकबाकीची पहिली लेखी आठवण पहिल्याच महिन्याच्या दहा तारखेला जायला हवी. व्हॉट्सॲपवर दोन ओळी पुरतात: अमुक महिन्याचं भाडं अमुक रुपये अजून जमा नाही, पंधरापर्यंत खात्यावर भरावं. फोनवर सांगू नका, आणि ओरडू तर मुळीच नका. दुसऱ्या महिन्यात वकिलाची नोटीस. ती स्पीड पोस्टने, पोहोच पावतीसह पाठवा. साधं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्येच विलीन झालंय. पाकीट ‘घेण्यास नकार’ शेरा मारून परत आलं तर फोडू नका. तसंच बंद ठेवा, न्यायालयात तेच कामाला येतं.

पाण्याबद्दल बाहेरच्या लेखांत काही सापडत नाही, कारण चार-पाच दिवसांआड नळ येणं हे त्यांच्या गावी नसतं. इथली निम्मी भांडणं भाड्यावरून नाही, टाकीवरून सुरू होतात. चार माणसांना माणशी १०० लिटर धरले तर दिवसाला ४००, आणि पाच दिवसांना २,००० लिटर लागतात. तुम्ही वरच्यांना ५०० लिटरची टाकी दिली असेल तर दुसऱ्याच दिवशी ते खाली येणारच, आणि तिसऱ्या दिवशी आवाज चढणार. टाक्या वेगळ्या करा, दोन्हींना स्वतंत्र व्हॉल्व्ह बसवा, हौदातून पाणी चढवायची मोटर कोण आणि केव्हा लावणार हे करारात लिहा. बोअरचं पाणी कशाकशाला वापरायचं तेही. विजेसाठी सब-मीटर स्वस्तात बसतो, पण दोन्ही घरांचा वापर एकाच मीटरवर मोजला गेला की युनिट वरच्या टप्प्यात जातात आणि दोघांनाही महाग पडतं. स्वतंत्र जोडणी मिळत असेल तर तीच घ्या, आणि घर देताना रीडिंगचा फोटो दोघांनी एकमेकांना पाठवा.

शिलाईवाल्याला घर देऊ नका असं मी कुठेही म्हटलेलं नाही. मशीन किती, ते विचारा असं म्हटलंय. युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात घरात मशीन असणं नवल नाही. महावितरणच्या दरपत्रकात घराच्या एका भागात व्यवसाय असेल आणि वापर महिन्याला ३०० युनिटपर्यंत, वर्षाला ३,६०० पर्यंत असेल तर घरगुती दरच राहतो. एक जुकी (कारखान्यातलं शिलाई मशीन), एक पिकोचं मशीन, कोणी बघायला येत नाही. पण हॉलमध्ये आठ जुकी, दोन ओव्हरलॉक आणि कामाला बायका, हा वापर बदललेला आहे. पथक आलं तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली, त्या वापराला जो दर लागू होतो त्याच्या दुप्पट दराने आकारणी होते. वापर कधी बदलला ते कळलं नाही तर मागच्या बारा महिन्यांपर्यंतची. ग्राहक म्हणून नाव तुमचं. भाडं वेळेवर देणारा भाडेकरूही असा महागात जातो.

आता तुमचा वरचा मजला. सरळ सांगतो, तुमची बाजू कागदावर कच्ची आहे. नोंदणीकृत करार नाही, म्हणजे कलम २४ चा झटपट मार्ग जवळजवळ बंद. उरतं कलम १५: थकबाकीची लेखी मागणी, त्यानंतर ९० दिवस थांबणं, मग दिवाणी न्यायालयात दावा. आणि त्यातही समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत त्याने सगळी थकबाकी १५ टक्के व्याज आणि खर्चासह भरली तर थकबाकीच्या मुद्द्यावर ताबा मिळत नाही. दोन महिन्यांचे १४,००० भरणं त्याला तेवढ्या काळात जड नाही.

म्हणून मागणीची नोटीस आजच पाठवा, ९० दिवसांचं घड्याळ चालू होऊ द्या, आणि त्याच आठवड्यात बोलणी करा. मी तुमच्या जागी एक महिन्याचं भाडं सोडायची तयारी ठेवीन, तारीख ठरवून घर रिकामं मिळत असेल तर. पटत नसेल तर हा पर्याय: तो थकबाकी भरतो आणि तुम्ही दोघं लगेच नवा, नोंदणीकृत, अकरा महिन्यांचा करार करता. तसं झालं तर निदान पुढच्या वेळी कलम २४ तुमच्या हातात असेल. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात दिलेली नसेल तर त्याच वेळी तेही उरका.

तो निघालाच तर क्रम चुकवू नका. आधी सामान बाहेर, मग दोघांनी मिळून खोल्या बघणं, मीटरचं रीडिंग, चाव्या मोजून घेणं, मग ताबा पावतीवर सही, आणि सगळ्यात शेवटी डिपॉझिटची उरलेली रक्कम खात्यावर, रोख नाही. पावतीत तारीख, रीडिंग, चाव्यांची संख्या, कापलेल्या रकमेचं कारण आणि ‘माझे कोणतेही सामान किंवा जागेवरील हक्क शिल्लक नाही’ हे वाक्य हवं. सही घरातल्या मोठ्या मुलाची नको, ज्याच्याशी व्यवहार ठरला त्याचीच घ्या, दोन शेजाऱ्यांसमोर.