‘अंतराला १११ ने भागा’ ही युक्ती कुठे कुठे चुकवते

ट्रेकिंगच्या आणि ड्रोनच्या ग्रुपवर एक ‘सोपी युक्ती’ पुन्हा पुन्हा फिरते. माहीत असलेल्या जागेपासून अमुक अंतरावर, अमुक दिशेला असलेल्या बिंदूचे अक्षांश-रेखांश हवेत ना? मग अंतराला १११ ने भागा, कारण एक अंश म्हणजे १११ किलोमीटर. आलेला आकडा कोनाच्या कॉसने गुणून रेखांशात मिळवा, साइनने गुणून अक्षांशात मिळवा. कोन होकायंत्र दाखवेल तोच घ्या. बाकीची सूत्रे पुस्तकी. सह्याद्रीत वाट चुकलेल्या माणसाला शोधायला निघालेले लोकही असाच आकडा घेऊन चालतात. त्यामुळे या युक्तीतली चूक सोडून देण्याजोगी नाही.

आधी १११ चे पाहू. उत्तर-दक्षिण दिशेला हा आकडा जगात कुठेही चालतो. पूर्व-पश्चिमेला मात्र तो फक्त विषुववृत्ताजवळ खरा आहे. रेखांशाच्या रेषा ध्रुवांकडे जाताना एकमेकींच्या जवळ येतात आणि ध्रुवावर मिळतात, त्यामुळे रेखांशाच्या एका अंशाची लांबी अक्षांशाच्या कॉसप्रमाणे घटत जाते. पुण्याच्या अक्षांशावर, म्हणजे १८.५२ अंशांवर, ती सुमारे १०५.६ किलोमीटर भरते, दिल्लीत ९८ च्या आसपास आणि लंडनमध्ये जेमतेम ६९. पुण्याहून सरळ पूर्वेला १० किलोमीटरवरचा बिंदू काढा. युक्तीप्रमाणे रेखांशात ०.०९०१ मिळवायचे, प्रत्यक्षात हवेत ०.०९४७. हा फरक जवळपास अर्ध्या किलोमीटरचा आहे, आणि घाटात अर्धा किलोमीटर म्हणजे मधे अख्खी दरी असू शकते. दुरुस्ती एका पायरीची आहे: रेखांशाचा फरक काढताना १११ ला अक्षांशाच्या कॉसने गुणून मग भागायचे. एवढ्याने १० किलोमीटरवरची चूक ५० मीटरांच्या आत येते.

कॉस आणि साइन यांची अदलाबदल याहून घातक आहे. शाळेतल्या आलेखात कोन पूर्वेकडच्या अक्षापासून घड्याळाच्या उलट दिशेने मोजतात. बेअरिंग, म्हणजे होकायंत्रावरचा दिशेचा कोन, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजतात. म्हणून इथे उत्तरेचा भाग कॉसने मिळतो, पूर्वेचा साइनने. ३० अंशांच्या बेअरिंगला शाळेचे सूत्र लावले की बिंदू ६० अंशांवर जाऊन बसतो. १० किलोमीटर अंतरावर ही चूक पाच किलोमीटरांहून जास्त होते. आणि एक्सेलमध्ये हिशेब करणाऱ्यांनो, तिथला साइन कोन अंशांत नव्हे, रेडियन या दुसऱ्या एककात मागतो. नुसते ३० घातले तर ०.५ ऐवजी उणे ०.९८८ येते.

‘होकायंत्राचा कोन जसाच्या तसा’ हा सल्ला आपल्याकडे निभावून जातो, कारण महाराष्ट्रात होकायंत्र दाखवते ती चुंबकीय उत्तर आणि ध्रुवाकडची खरी उत्तर यांतला फरक एका अंशाहूनही कमी आहे. पण ही आपल्या भूगोलाची मेहेरबानी आहे. न्यूझीलंडमध्ये हा फरक २० अंशांच्या घरात जातो. तिथे स्थायिक झालेल्या कुणा मराठी ट्रेकरने युक्ती तशीच वापरली, तर १० किलोमीटरवर तो साडेतीन किलोमीटर बाजूला पोचेल. शिवाय हा फरक वर्षागणिक सरकतो. अलिबागच्या वेधशाळेत १९०४ पासून चुंबकीय नोंदी ठेवतात, त्या उगाच नाही.

आता ‘बाकीची सूत्रे पुस्तकी’. पाच-दहा किलोमीटरांपुरते म्हणाल तर मान्य. कॉसची दुरुस्ती केलेला सपाट हिशेब तेवढ्याला पुरतो. पण पुण्याहून ९० अंशांवर निघून कुठेही न वळता १००० किलोमीटर गेलात, तर तुम्ही पुण्याच्या अक्षांशावर नसता. सुमारे २६ किलोमीटर दक्षिणेला असता. गोलावरची सरळ वाट बृहद्वृत्ताची, म्हणजे गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाची, असते आणि तिचे बेअरिंग वाटेत बदलत राहते. तिथे गोलाचेच सूत्र लागते. अंतराला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३७१ किलोमीटरने, भागून मध्यकोन, म्हणजे पृथ्वीच्या केंद्रापाशी होणारा कोन, रेडियनमध्ये काढा. मग नव्या अक्षांशाचा साइन = जुन्या अक्षांशाचा साइन × मध्यकोनाचा कॉस + जुन्या अक्षांशाचा कॉस × मध्यकोनाचा साइन × बेअरिंगचा कॉस. रेखांशासाठी असेच दुसरे सूत्र आहे.

पृथ्वी पुरती गोलही नाही. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६३५७ आहे, म्हणून गोलाच्या सूत्रातही अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक राहू शकते. जमिनीच्या हद्दी ठरवायच्या असतील तर भूमापनतज्ज्ञ व्हिन्सेंटी यांची १९७५ ची लंबवर्तुळी, म्हणजे पृथ्वी किंचित चपटी धरणारी, पद्धत वापरा. ती मिलिमीटरच्या आतले उत्तर देते, आणि मोजणीच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अशी पद्धत आधीपासूनच बसवलेली असते.