आम्ही टेलचे, आम्हीच हेडचे

आमचं शेत निफाड तालुक्यात, कालव्याच्या चारीच्या अगदी टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, सुटलं की वरच्यांच्या मोटारी रात्रंदिवस चालू, आमच्या बांधाला येतो तो नुसता ओला गाळ. आण्णा वरच्यांना आयुष्यभर शिव्या देत आलेत. मीही देतो.

पण खाली पैठणच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडायची वेळ आली की आम्ही बापलेक एका रात्रीत हेडचे, म्हणजे वरच्या अंगाचे होतो. ‘आमच्या हक्काचं पाणी!’

हे टोचलं ते मुलीला मध्य आशियाचा नकाशा काढून देताना. अमू दर्या नदी. पामीरच्या बर्फातून पंज आणि वख्श उतरतात, त्यांच्या संगमापासून हे नाव. पुढे एकीकडे काराकुम वाळवंट, दुसरीकडे किझिलकुम वाळवंट. वर्षाचा पाऊस जेमतेम 100 मिलिमीटर, सिन्नरवालेही हळहळतील. कमाई सगळी डोंगरात, खर्च सगळा वाळवंटात. आपल्या गंगेला, म्हणजे गोदावरीला, निदान दारणा-कादवा येऊन मिळतात. तिला खालच्या अंगाला कुणीच नाही.

बर्फ वितळतं ऐन उन्हाळ्यात, म्हणजे कापसाला तहान लागते तेव्हाच नदी भरलेली. सोव्हिएत सरकारनं हेच हेरलं. 1954 साली काराकुम कालवा खोदायला घेतला. 1300 किलोमीटरच्या वर लांबी आणि बहुतेक ठिकाणी अस्तरीकरणच नाही! किती पाणी वाळूनं प्यायलं असेल, आमच्या फुटक्या चारीवरून अंदाज येतो. टेलला होता अरल समुद्र, 1960 च्या सुमारास जगातलं चौथ्या क्रमांकाचं सरोवर. आज त्याच्या काठच्या मोयनाक बंदरात बोटी वाळूत उभ्या आहेत आणि तळाची खारी धूळ वाऱ्यावर उडते.

2022 पासून अफगाणिस्तान त्याच नदीवर 285 किलोमीटरचा कोश तेपा कालवा खोदतोय. खालचे देश धास्तावलेत. पण अफगाण शेतकऱ्याला नको कसं म्हणायचं? बर्फ त्याच्याही डोंगरावरचं.

आपल्याकडे निदान पाणीवाटपाच्या 2014 च्या आदेशातलं 65 टक्क्यांचं सूत्र आहे. जायकवाडीचा उपयुक्त साठा त्याखाली राहिला की वरून पाणी सोडायचं. कोरड्या पात्रात बरंचसं वाटेतच जिरतं, ही आपली तक्रार खोटी नाही. पण पाणी सोडताना नदीकाठची वीज का तोडावी लागते, हेही बोला की. वाटेत पाणी उपसणाऱ्या त्या मोटारी काय पैठणवाल्यांच्या आहेत?

आण्णांना हे सगळं ऐकवलं. म्हणाले, “मग पैठणलाच जाऊन राहा.”

परवा आवर्तन सुटतंय. रात्री चारीवर राखण करायला मलाच जायचंय.