जुना ऑटोमॅटिक कुठल्याही इंजिनाला चालतो? नाही चालत!

सातारा-सांगलीकडच्या जीपवाल्यांच्या व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय: 'जुना ऑटोमॅटिक गिअरबॉक्स निव्वळ ऑइलच्या दाबावर चालतो, त्याला कॉम्प्युटर लागत नाही. म्हणून तो कुठल्याही नव्या कॉमन रेल डिझेलला बसतो. लेथवर ॲडॅप्टर प्लेट करा, बोल्ट आवळा, झालं.' (कॉमन रेल म्हणजे कॉम्प्युटरवर इंजेक्शन चालणारं आजचं डिझेल इंजिन, ॲडॅप्टर प्लेट म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारी प्लेट.) यातलं पहिलं वाक्य खरं. पुढचं ऐकाल तर गिअरबॉक्स जाळून घ्याल.

'कॉम्प्युटर लागत नाही.' नाहीच लागत. पण ॲक्सिलेटर किती दाबलाय ही बातमी त्याला लागतेच. अमेरिकेच्या जनरल मोटर्सचा, म्हणजे जीएमचा, 1982 पासूनचा 700आर4 गिअरबॉक्स घ्या. थ्रॉटलवरून (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेवरून) एक केबल त्याच्या आत जाते. गिअर कधी पडायचा एवढंच ती ठरवते असं लोक धरून चालतात. पण आतला ऑइलचा दाबही त्याच केबलवर ठरतो. ती ढिली राहिली की गिअर लवकर आणि एकदम मऊ पडतात. मालक खूश, 'लोण्यासारखी चाललीय!' तिकडे आत क्लच प्लेटा घसरत असतात. चार माणसं भरून यवतेश्वरचा घाट चढवा आणि वर पोचल्यावर डिपस्टिक काढून बघा: लाल ऑइल तपकिरी झालेलं, नाकाला जळका वास. नव्या इंजिनाला तर ॲक्सिलेटरच इलेक्ट्रॉनिक. केबल अडकवणार कुठे?

'व्हॅक्यूमवाला गिअरबॉक्स असेल तर ब्रेक बूस्टरच्या पाइपाला टी मारा.' मेसेजला जोडून आलेला हा सल्ला सगळ्यांत घातक. पेट्रोल इंजिनात रेस दिली की मॅनिफोल्डमधला (हवा आत नेणाऱ्या नळ्यांतला) व्हॅक्यूम पडतो. त्यावरून गिअरबॉक्सला लोड समजतो आणि तो दाब वाढवतो. डिझेलचा व्हॅक्यूम येतो वेगळ्या व्हॅक्यूम पंपातून. गाडी उतारावर सोडा नाहीतर घाटात पिळा, तो जवळपास तेवढाच. म्हणजे गिअरबॉक्सच्या लेखी गाडी कायम रिकामी! जुन्या डिझेल मर्सिडीजमध्ये यासाठीच इंजेक्शन पंपावर वेगळा व्हॉल्व्ह असायचा, रेस वाढली की व्हॅक्यूम कमी करणारा. कॉमन रेलला ती सोय नाही.

'प्लेट झाली की काम झालं.' कुपवाड एमआयडीसीतला चांगला टर्नर प्लेट झकास करून देईल, त्यात वाद नाही. पण क्रँक आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सला देणारा भाग) एका सेंटरला आहेत का, हे डायल गेज लावून कोण बघणार? कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण न बसवता बोल्ट ओढले तर पंप पहिल्याच दिवशी जातो. शिवाय बऱ्याच इंजिनांत क्रँक सेन्सर फ्लायव्हीलवरच्या खुणा वाचतो. फ्लायव्हील काढलं की खुणाही गेल्या, मग मारत बसा स्टार्टर.

'अमेरिकेत सर्रास करतात.' करतात, पण तिकडे जीएमचंच एलएस पेट्रोल इंजिन असतं, त्याला केबलची थ्रॉटल बॉडी मिळते, आणि तरीही क्रँकला सुमारे 10 मिलिमीटरचा स्पेसर (मध्ये घालायची चकती) लागतो. आपल्याकडचं डिझेल साडेचार हजार आरपीएमच्या आसपास थांबतं. गिअरबॉक्सचा गव्हर्नर (गाडीच्या वेगावरून गिअर टाकणारा भाग) मात्र पेट्रोलच्या पळण्यावर लावलेला. पाय पूर्ण दाबून ठेवला तर वरचा गिअर पडायची वेळच येत नाही. गव्हर्नरची वजनं आणि स्प्रिंगा बदलाव्या लागतात. मेसेजमध्ये त्याचा पत्ताही नाही.

ईसीयूचंही, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचंही, तेच. तो ऑटोमॅटिक गाडीतला असेल तर गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचे निरोप शोधतो, ते मिळाले नाहीत की फॉल्ट टाकून ताकद कमी करतो.

खरंच करायचंय त्यांनी इंजिन, त्याचाच इलेक्ट्रॉनिक गिअरबॉक्स, दोघांचे कॉम्प्युटर आणि वायरिंग एकाच गाडीतून उचलावं. जुनाच बॉक्स घालायचा हट्ट असेल तर केबल थेट पेडलवरून घ्यावी, दाबाचं गेज लावून ती सेट करावी आणि ऑइलला वेगळा कूलर द्यावा. हत्यार हातात घेण्याआधी आरटीओत विचारून या. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे इंजिन बदलायलाही परवानगी लागते, मग पाटी साताऱ्याच्या एमएच-11 ची असो वा सांगलीच्या एमएच-10 ची.