सतरा दिवस

मी अमेरिकेत ओहायोत फिजिओथेरपिस्ट आहे, नर्सिंग होमच्या रिहॅबमध्ये. नाशिकला बीपीटी केलं, मग इकडे आले, आता बारा वर्षं होतील. ऑपरेशन झालंय, हॉस्पिटलने सोडलंय, पण एकटीने घरात वावरता येत नाही अशी म्हातारी माणसं आमच्याकडे येतात, तीन-चार आठवडे राहतात, आम्ही त्यांना उठवतो, बसवतो, चालवतो, जिने चढायला लावतो आणि मग घरी पाठवतो. सध्या जिकडेतिकडे वाचतेय की एआय आलं, आता आजार लवकर कळतील, डॉक्टरांचं काम हलकं होईल. होईलही, मला त्याबद्दल काही म्हणायचं नाहीये. पण माझ्या वाट्याला आलेलं एआय दिवस मोजतं, आणि त्याबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

मागच्या वर्षी एक आजी होत्या आमच्याकडे, वय ८४, खुब्याचं हाड मोडलेलं. आयुष्यभर शाळेची बस चालवलेली बाई, त्यामुळे हाताची पकड अशी की वॉकर धरला की सोडायच्या नाहीत. नवरा गेलेला, एकट्याच राहतात, मुलगी तीन तासांच्या फ्लाइटवर. घरात झोपायची खोली आणि बाथरूम दोन्ही वरच्या मजल्यावर, मध्ये चौदा पायऱ्या. हे चौदा मी पहिल्याच दिवशी लिहून ठेवलं होतं, कारण घरी कधी जाता येईल ते आमच्याकडे अशाच गोष्टींवर ठरतं. आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे मी त्यांना अजून नीट उभंसुद्धा केलं नव्हतं तेव्हा, आमची केस मॅनेजर मला म्हणाली, हिचे सतरा दिवस दाखवतायत. कोण दाखवतंय? तर इन्शुरन्सची सिस्टीम. वय, आजार, एकट्या राहतात का वगैरे माहिती टाकली की जुन्या पेशंटांशी जुळवून ती आकडा देते. पंधराव्या दिवशी आजी ४० फूट चालत होत्या, मी कंबरेचा पट्टा धरून मागे, आणि सरावाच्या चार पायऱ्यांच्या जिन्यावर दुसरी पायरी चढल्या की पाय लटलट कापायचे, तिथेच थांबायचो. त्याच दुपारी कागद आला, परवापासून पैसे बंद. कारण लिहिलेलं, पेशंट वॉकरने चालू शकते. पायऱ्यांचा एका शब्दाने उल्लेख नाही. माझ्या रोजच्या नोट्स त्यांच्याकडे जात होत्या, चौदा हा आकडा त्यात रोज होता.

कंपनी कुठली ते लिहीत नाही, कारण हे एकीपुरतं नाहीच. इथे वयाच्या ६५ च्या पुढे मेडिकेअर म्हणजे सरकारी आरोग्यविमा मिळतो, आणि तो सरळ सरकारकडून घ्यायचा की मेडिकेअर ॲडव्हांटेज नावाने खाजगी कंपनीमार्फत ते आपण ठरवायचं. निम्म्याहून जास्त लोक आता कंपनीकडे आहेत. सरकार कंपनीला माणशी दरमहा ठरलेली रक्कम देतं, म्हणजे आजी सतरा दिवस राहिल्या काय आणि तीस दिवस राहिल्या काय, येणारे पैसे तेवढेच, जाणारे मात्र रोज जातात. हे एकदा लक्षात घेतलं की पुढचं सगळं समजतं. मशीन चुकतं का हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही, माणसंही चुकतात, मी पण चुकते. मशीन चुकल्यावर त्यातून कोणाचे पैसे वाचतात हे बघा.

२०२३ चे आकडे बघा. मेडिकेअर ॲडव्हांटेजच्या कंपन्यांकडे त्या एका वर्षात जवळजवळ ५ कोटी वेळा उपचारांसाठी आगाऊ परवानगी मागितली गेली, ३२ लाख वेळा त्यांनी पूर्ण किंवा थोडीफार नाकारली. नकार आलेल्यांपैकी अपील केलं फक्त ११.७ टक्के लोकांनी. आणि अपील केलेल्यांत ८१.७ टक्के वेळा कंपनीने निर्णय फिरवला. म्हणजे बघा, शंभर जणांना नाही म्हटलं तर अठ्ठ्याऐंशी जण गप्प बसतात, कारण ते ८४ वर्षांचे आहेत, पाय मोडलेला आहे, कागद वाचायला चष्मा सापडत नाहीये. त्या अठ्ठ्याऐंशीतले किती जिंकले असते कोणाला माहीत? एखाद्या चुकीच्या नकाराला सहसा दंड होत नाही, फार फार तर जे द्यायचेच होते ते पैसे उशिरा द्यावे लागतात. असा हिशोब असेल तर सॉफ्टवेअर अजून चांगलं करायची गरज कोणाला वाटेल?

युनायटेडहेल्थ या मोठ्या इन्शुरन्स कंपनीवर याच बाबतीत नोव्हेंबर २०२३ मध्ये मिनेसोटात केस दाखल झालीये, त्यांच्या नाव्हीहेल्थ कंपनीच्या एनएच प्रेडिक्ट नावाच्या, मुक्कामाचे दिवस सांगणाऱ्या अल्गोरिदमवरून. आरोप असा की रिहॅबचे दिवस डॉक्टरांच्या सांगण्यापेक्षा या आकड्यावर कापले जातात. कंपनीचं म्हणणं की तो फक्त मार्गदर्शनासाठी आहे, निर्णय त्यावर होत नाही. कोर्टात काय व्हायचं ते होईल. पण स्टॅट या वृत्तसंस्थेने त्याच वर्षी छापलं होतं की तिथल्या कर्मचाऱ्यांना पेशंटचा मुक्काम अल्गोरिदमच्या आकड्याच्या १ टक्क्याच्या आत ठेवायचं टार्गेट होतं. सतरा दिवसांचा एक टक्का म्हणजे चार तास. बारा वर्षांत मला एकाही पेशंटबद्दल चार तासांच्या फरकाने सांगता आलेलं नाही की ही कधी घरी जाईल, कारण मध्येच लघवीचं इन्फेक्शन होतं, बीपी पडतं, एक दिवस नवऱ्याच्या आठवणीने उठावंसंच वाटत नाही. सिनेटच्या समितीने २०२४ मध्ये रिपोर्ट काढला त्यात युनायटेडहेल्थकेअरचा हॉस्पिटलनंतरच्या केअरचा नकाराचा दर २०२० मध्ये १०.९ टक्के आणि २०२२ मध्ये २२.७ टक्के, दोन वर्षांत दुप्पट. म्हाताऱ्या माणसांची हाडं काय दोन वर्षांत दुप्पट वेगाने जुळायला लागली?

आणि हे फक्त इन्शुरन्सचं नाही. प्रॅक्टिस फ्यूजन नावाची कंपनी होती, डॉक्टरांना पेशंटच्या रेकॉर्डचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची. त्यांनी ओपिऑइड, म्हणजे व्यसन लागू शकणारी अफूच्या जातीची वेदनाशामकं, विकणाऱ्या औषध कंपनीकडून जवळजवळ १० लाख डॉलर घेऊन डॉक्टरच्या स्क्रीनवर येणारा एक अलर्ट बनवला, पेशंटला दुखतंय का विचारा, आणि मग उपचारांच्या यादीत ओपिऑइड. २०१६ ते २०१९ मध्ये हा अलर्ट २३ कोटींहून जास्त वेळा झळकला, ओपिऑइडमुळे गावंच्या गावं उद्ध्वस्त होत होती त्याच काळात, आणि त्यात आमचं ओहायो पहिल्या काही राज्यांत. २०२० मध्ये कंपनीने असे पैसे घेतल्याचं कबूल करून १४ कोटी ५० लाख डॉलर भरायचं मान्य केलं. स्क्रीनवरच्या त्या चौकटीमागे कोणाचे पैसे आहेत हे समोरच्या डॉक्टरला कसं कळणार, त्याला वाटणार मेडिकल सल्लाच आहे.

मला कोणी म्हणेल, तू सॉफ्टवेअरच्या विरोधात आहेस. नाही हो. माझा स्वतःचा नवरा त्याच धंद्यात आहे, आमचं घर त्यावर चालतं. पण आता जानेवारी २०२६ पासून सरळ सरकारी मेडिकेअरमध्येपण सहा राज्यांत काही उपचारांसाठी एआयने आगाऊ तपासणी सुरू झालीये, त्यात ओहायो आहे, न्यू जर्सी आणि टेक्सासपण आहे, जिथे आपली किती माणसं राहतात. तपासणाऱ्या कंपन्यांना मोबदला कशावर, तर वाचवलेल्या पैशातला वाटा. परत तेच. शेवटचा नकार माणूस देईल असं सांगतायत, पण ज्या माणसाचा पगार नकारावर आहे त्याने सही केली काय आणि मशीनने केली काय?

आजींचं पुढे काय झालं ते सांगते. मुलगी आली, आम्ही अपील केलं, जिंकलो. नऊ दिवस झाले आणि दुसरा कागद आला, तोच मजकूर. तिची रजा संपलेली, परत लढायची ताकद राहिली नव्हती, आणि स्वतःच्या पैशाने राहायचं तर रोजचे चारशे डॉलर. शेवटी खालच्या मजल्यावर डायनिंग टेबल काढून तिथे पलंग टाकला, शेजारी कमोडची खुर्ची, आणि त्या घरी गेल्या. जायच्या दिवशी सहा पायऱ्या चढत होत्या. अजून दोन आठवडे मिळाले असते तर चौदा केल्या असत्या, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते.

आपल्या मंडळातले सत्तर-ऐंशीच्या दशकात आलेले काका-काकू आता सगळे याच वयात आहेत, दर ऑक्टोबरला प्लॅन बदलायची वेळ आली की शून्य प्रीमियम, दात फुकट, जिम फुकट बघून ॲडव्हांटेज घेतात. घ्या, पण हे लिहून फ्रिजवर लावा. रिहॅबमधून काढायचा कागद किमान दोन दिवस आधी द्यावा लागतो, त्यावर अपिलाचा फोन नंबर असतो, तो इन्शुरन्स कंपनीचा नसतो, बाहेरच्या तपासणी संस्थेचा असतो. पैसे बंद होणार त्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाराच्या आत फोन करायचा, तुमच्या वतीने मुलगा-मुलगी करू शकतात. फोन करायच्या आधी तुमच्या थेरपिस्टला भेटा, आम्ही मदत करतो, खरंच करतो. आणि घरात पायऱ्या किती आहेत, बाथरूम कुठल्या मजल्यावर आहे, रात्री सोबत कोण असतं, हे आकड्यांत सांगा. आजींच्या पहिल्या अपिलात मी दुसरं काही लिहिलं नव्हतं, चौदा पायऱ्या आणि आज चढतात त्या दोन, एवढंच लिहिलं होतं.