धारोष्ण दूध आणि फिटची गोळी

परवा कोल्हापुरात गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर शेजारच्या काकूंनी मोबाईल पुढं केला. मेसेज असा: ‘न्यूरोपेप्टाइडं मेंदूचं रक्षण करतात, हे सिद्ध झालंय. धारोष्ण दुधात आणि बकऱ्याच्या भेज्यात ती भरपूर असतात. ४० दिवस घ्या, फिटच्या गोळ्या बंद करा, म्हातारपणीचा विसरही जाईल.’ काकूंचा मुलगा बारावीला. गोळ्या चालू आहेत, दोन वर्षांत फिट नाही. “बंद करू का रे?”

पहिलं वाक्य सपशेल खोटं नाही, पंचाईत तिथंच आहे. न्यूरोपेप्टाइडं म्हणजे चेतापेशी एकमेकींना निरोप धाडायला वापरतात त्या अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. त्यांतलं एक, न्यूरोपेप्टाइड वाय, १९८२ साली डुकराच्या मेंदूतून वेगळं काढलं गेलं. ३६ अमिनो आम्लांची साखळी. फिट येते तेव्हा चेतापेशी ग्लुटामेट हे चेतवणारं रसायन सोडत एकमेकींना पेटवत सुटतात. हे पेप्टाइड त्याला लगाम घालतं. ज्या उंदरांत ते बनतच नाही, त्यांना झटके जास्त जोराचे येतात. पण सगळीच भावंडं गुणाची नाहीत. १९३१ पासून माहीत असलेलं सबस्टन्स पी हे न्यूरोपेप्टाइड उलट पेशींना चेतवतं.

दुसरं वाक्य पोटातच विरघळतं. मेंदू ही पेप्टाइडं स्वतः बनवतो, लागतील तिथंच सोडतो. खाल्लेला भेजा पाचकरसांच्या लेखी नुसतं प्रथिन, तुकडे करून मोकळे. इन्सुलिनही पेप्टाइडच, ते पिऊन भागलं असतं तर घरोघरी लोकांनी सुया कशाला टोचून घेतल्या असत्या? शिवाय रक्तातून मेंदूत शिरायचं म्हणजे आणखी एक पहारा.

विसराचं म्हणाल, तर आतड्यातल्या एका पेप्टाइडची नक्कल असलेलं सेमाग्लुटाइड, तेही पोटात टिकावं म्हणून खास घडवलेल्या गोळीतून, अल्झायमरच्या हजारो रुग्णांना देऊन पाहिलं. नोव्हेंबर २०२५ मध्ये निकाल आला: आजाराचा वेग कमी झाला नाही.

आणि ‘गोळ्या बंद करा’? इथं माझं डोकं फिरतं. फिट येत नाही ती बहुधा गोळीमुळंच. एकदम तोडली की झटका परत येतो, कधी थांबतच नाही. ५ मिनिटांच्या वर गेला तर जिवावरचं प्रकरण. काहींच्या गोळ्या पुढं सुटतातही, पण डॉक्टर तपासून, महिनोन्‌महिने थोड्या थोड्या उतरवत नेतात.

काकूंनी हातातला फेसाळ ग्लास वर केला. “मग ह्याचं काय?”

“घरी नेऊन उकळा. कच्च्या दुधातनं ब्रुसेलोसिस, म्हणजे जनावरांकडून येणारा जंतूंचा आजार होतो, आणि तो कधीमधी मेंदूपर्यंतही पोचतो.”