पाच रुपये बारा पैसे

भाऊबीजेला काकांना घेऊन म्हापशाला आत्याकडे निघालो होतो. सावंतवाडीतच गाडीचा काटा लाल रेषेला टेकलेला. समोर पंप दिसला म्हणून इंडिकेटर दिला, तर मागच्या सीटवरून काका ओरडले, "आता नको भरू रे, पत्रादेवीक भरूया!"

पत्रादेवी म्हणजे गोव्याची हद्द. एसी बंद केला. उतारावर गाडी न्यूट्रलला टाक म्हणाले, ते मात्र ऐकलं नाही. बांदा मागे पडेपर्यंत कोणी धड बोलत नव्हतं. पत्रादेवीला पस्तीस लिटर बसलं. लिटरमागे आठ-नऊ रुपयांचा फरक, म्हणजे तीनशेच्या आसपास वाचले. त्यातले बरेचसे पुढच्या टपरीवर भजी-चहात गेले, पण काकांच्या चेहऱ्यावरचा आनंद काही वेगळाच होता. सरकारला फसवल्याचा आनंद. तोही कायदेशीर.

माझं डोकं मात्र तेव्हापासून त्या आठ-नऊ रुपयांवर अडकलंय.

आपल्याकडे पेट्रोलची 'देशाची सरासरी' वगैरे कोणी बोलत नाही, आपण दिल्लीशी तुलना करतो. तर २०२५ मध्ये दिल्लीत लिटर ९४.७७ आणि मुंबईत १०३.५० च्या आसपास. मुंबईत, जिथे माहुलला दोन-दोन रिफायनऱ्यांच्या चिमण्या दिसतात! हैदराबाद १०७ च्या पुढे, म्हणजे आपण पहिले नाही, हे कबूल. अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) मात्र ८२.४६. समुद्र ओलांडून गेलेलं पेट्रोल रिफायनरीच्या दारातल्या पेट्रोलपेक्षा वीस रुपयांनी स्वस्त. तेव्हा 'वाहतूक खर्च' हे उत्तर मला तरी देऊ नका. परभणीकरांनी दिलं तर ऐकेन. मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून टँकर तिथवर जायचा म्हणून त्यांनी कित्येक वर्षं मुंबईपेक्षाही जास्त भाव मोजलाय, पण तो फरक रुपया-दोन रुपयांचा. आठ-नऊचा नव्हे.

फरक कराचा आहे. महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट, म्हणजे राज्याचा विक्रीकर, आणि वर लिटरमागे ५.१२ रुपये सेस, म्हणजे जादा कर. दिल्लीत १९.४० टक्के. हा टक्का लागतो केंद्राचं उत्पादन शुल्क धरून होणाऱ्या किमतीवर. करावर कर. हिशेब मांडून बघा, २०२५ च्या भावाने मुंबईच्या एका लिटरमध्ये राज्याचे पंचवीसेक रुपये निघतात आणि केंद्राचे २१.९०.

टक्क्याचं एक वेळ समजतं. हे ५.१२ कुठून आले, ते जरा उकरून बघितलं आणि हसावं की रडावं कळेना.

२०१५ मध्ये दुष्काळ पडला, म्हणून लिटरमागे २ रुपये लावले. ठीक. मराठवाडा होरपळत होता, दोन रुपयांसाठी कोण कुरकुर करणार? पुढच्या वर्षी पाऊस झाला. मग १ एप्रिल २०१७ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने हायवेपासून ५०० मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद झाली, सरकारचा महसूल बुडाला, आणि पेट्रोलवर ३ रुपये वाढले. पुन्हा वाचा. दारू विकली गेली नाही म्हणून पेट्रोल महाग. आयुष्यात कधी थेंबाला न शिवलेल्या माझ्या आईने स्कूटीमधून तो तोटा भरून दिला. त्याच जुलैत न्यायालयाने शहरी हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली, बरेच बार पुन्हा उघडले. मध्ये सेस थोडा कमीही झाला. मग मार्च २०२० च्या बजेटमध्ये १ रुपया, जूनमध्ये लॉकडाऊनमुळे तिजोरी रिकामी म्हणून आणखी २. असं करत आकडा पोचला १०.१२ वर. जुलै २०२२ मध्ये नव्या सरकारने ५ रुपये कमी केले. उरले ते ५.१२.

दुष्काळाचा सेस लावणारे वेगळे, लॉकडाऊनचा लावणारे वेगळे, हे लक्षात घ्या. कमेंटमध्ये 'तुमच्या त्यांनी' आणि 'आमच्या यांनी' सुरू करू नका, सगळे हिशेबात आहेत.

त्यातली एक गंमत सांगतो. मे २०२२ मध्ये केंद्राने पेट्रोलवरचं शुल्क ८ रुपयांनी कमी केलं. दुसऱ्याच दिवशी राज्याने जाहीर केलं, आम्हीही व्हॅट २.०८ रुपयांनी कमी करतो. लोकांनी धन्यवाद दिले. कॅल्क्युलेटर काढा. तेव्हा मुंबईचा व्हॅट २६ टक्के होता. ८ चे २६ टक्के किती? २.०८. म्हणजे खालची किंमत उतरली की वरचा टक्का आपोआप जेवढा उतरणार, तेवढंच दान. वाढताना मात्र हा आपोआपपणा कोणी जाहीर करत नाही. क्रूड चढलं की राज्याचा वाटा गुपचूप चढतो.

आता राज्याची बाजू, कारण ती खरी आहे. केंद्राच्या २०२५ मधल्या त्या २१.९० मध्ये मूळ उत्पादन शुल्क फक्त १.४० होतं. बाकीचे १३ विशेष अतिरिक्त शुल्क, ५ रस्ते-पायाभूत सुविधांचे, अडीच कृषी उपकराचे. राज्यांना वाटून द्यायचं असतं ते फक्त त्या १.४० मधलं, केंद्र-राज्यांचा वाटा ठरवणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे (२०२१-२६) ४१ टक्के. म्हणजे ५७ पैसे, सगळ्या राज्यांत मिळून. महाराष्ट्राचा त्यातला हिस्सा तेव्हा ६.३१७ टक्के. देशात कुठेही एक लिटर विकलं गेलं की आपल्या वाट्याला यायचे साधारण साडेतीन पैसे! रस्त्यांसाठी थोडंफार वेगळ्या वाटेने परत येतं, पण मुख्य पातेलं हे एवढंच. मग राज्य स्वतःचा हात पंपावर ठेवणारच. जीएसटी आल्यावर स्वतःच्या मर्जीने वर-खाली करता येईल असं राज्याकडे राहिलंय काय? मुख्यतः पेट्रोल, दारू आणि मुद्रांक शुल्क. म्हणून तर सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत पेट्रोल जीएसटीत आणायचा विषय निघाला आणि सगळ्या पक्षांच्या राज्यांनी एका सुरात 'आत्ता नको' म्हटलं. इतकं एकमत आपल्याकडे आमदारांच्या पगारवाढीवरच होतं.

गोव्याचंही फार कौतुक नको. २०१२ मध्ये पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट ०.१ टक्क्यावर आणला, तेव्हा लिटरमागे अकरा रुपयांच्या आसपास उतरले होते. पुढे तिथेही तो हळूहळू चढलाच. आणि अख्ख्या गोव्याची लोकसंख्या आपल्या एखाद्या मोठ्या शहराएवढीही नाही. त्यांना परवडतं ते आपल्याला परवडेलच असं नाही.

त्यामुळे पेट्रोल ९५ ला द्या अशी माझी मागणी नाही. शाळा, एसटी, कालवे कुठून तरी चालायला हवेत. माझं भांडण त्या ५.१२ शी आहे. औषधाच्या स्ट्रिपवर एक्स्पायरी डेट असते, दुधाच्या पिशवीवर असते, सेसवर का नसावी? 'दुष्काळासाठी, मार्च २०१७ पर्यंत' असं लिहा, आणि तारीख उलटली की विधानसभेत पुन्हा मागा, सांगून मागा. कायमचेच हवे असतील तर सरळ व्हॅटमध्ये मिसळा आणि टक्का वाढवला असं तोंडाने बोला. २०२४ च्या बजेटमध्ये मुंबई-ठाणे-नवी मुंबईचा व्हॅट २६ वरून २५ केला, ६५ पैसे उतरले, हेडलाइन झाली. बाकीच्या बहुतेक महाराष्ट्राला आधीपासून २५ च होता, त्यामुळे पेट्रोलवर आम्हाला ६५ पैसेही नाहीत. ५.१२ जागच्या जागी.

आणि सीमेवरचा पंपवाला? बांद्याच्या अलीकडे ओळखीच्या एकाचा पंप आहे. सणासुदीला हायवे गाड्यांनी भरलेला असतो आणि याच्याकडे येतात ते हवा भरायला. वर "दादा, पत्रादेवी किती लांब?" असंही विचारतात. हवा फुकट आहे, त्यामुळे त्याला नाही म्हणता येत नाही.

पत्रादेवीच्या पंपावर आमच्या पुढे सहा गाड्या होत्या. पाच एमएच ०७, सिंधुदुर्गातल्याच. आमचा नंबर आला तेव्हा नळी हातात घेतलेल्या पोराने आधी नंबर प्लेट बघितली, मग मला किती घालू वगैरे काही विचारलंच नाही.

"फुल ना?" म्हणाला.