'पुळका' म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार. कोविडकाळात कैद्यांना तात्पुरतं सोडण्याच्या निर्णयाची मी बाजू घेतली, त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: 'घरात बसून लेख पाडणाऱ्यांनाच गुन्हेगारांचा पुळका येतो. जेलची पायरी तरी चढलात का कधी?' मतभेदाला माझी ना नाही. पण ही काय बोलायची रीत झाली?

विचारलंतच म्हणून सांगतो. ज्यांना वकील परवडत नाही त्यांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवेच्या पॅनलवरचा मी वकील आहे. मुलाखतीच्या जाळीला कान लावून पक्षकाराचं म्हणणं ऐकण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मोबाइल चोरीतला एक पोरगा होता. जामीन मंजूर, पण जामीनदार कुठून आणणार? म्हणून आतच. लॉकडाउन लागला, मुलाखती बंद झाल्या, कोर्टाचं कामकाज जेमतेम चालू. त्याची आई फोन करून एवढंच विचारायची, 'साहेब, तिथं साबण तरी देतात का हो?' बराकीत रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला उठवावं लागतं, हे त्यानंच मला सांगितलं होतं. तिथं सहा फुटांचं अंतर कसं राखायचं, ते तुम्हीच सांगा.

आर्थर रोड तुरुंगाची क्षमता तेव्हा ८०० च्या आसपास होती आणि आत अडीच हजारांवर माणसं. मे २०२० मध्ये तिथं साथ शिरली, तेव्हा कैद्यांबरोबर कर्मचारीही बाधित झाले. ड्यूटी संपली की शिपाई आपल्या बायकापोरांत जातो. मग हा प्रश्न फक्त कैद्यांचा कसा? आणि तुमचे 'गुन्हेगार' म्हणजे कोण? देशातल्या तुरुंगांत साधारण चारातले तीन कच्चे कैदी, खटला अजून निकाली न निघालेले. आदिवासींसाठी काम करणारे फादर स्टॅन स्वामीही कच्चेच कैदी होते. वय ८४, पार्किन्सन्स, तळोजात ठेवलेले. ५ जुलै २०२१ ला जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेल्याचं हायकोर्टाला कळवावं लागलं. याची चीड येणं म्हणजे पुळका असेल, तर मला तो आहे.

'सरसकट मोकाट सोडले' म्हणता, तर निदान आदेश तरी वाचायचा होतात. २३ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टानं कोणत्या कैद्यांना तात्पुरतं सोडायचं ते ठरवायला प्रत्येक राज्याला उच्चाधिकार समिती नेमायला सांगितलं. आपल्याकडच्या समितीनं आधी सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांचाच विचार केला. पुढे व्याप्ती वाढवतानाही मोक्का, यूएपीए अशा कडक कायद्यांखालचे कैदी वगळले. मोठ्या शिक्षेच्या कैद्याला पॅरोल हवा, तर आधीच्या सुट्ट्यांवरून तो वेळेत परतलेला असावा अशी अट होती.

पीडितांविषयी माझ्या लेखात एकच ओळ होती, हे तुमचं म्हणणं बरोबर आहे. न परतलेल्यांना शोधणं पोलिसांचं काम, त्यात मी शिरत नाही. बाकीच्या मुद्द्यांत उत्तर देण्यासारखं काही दिसलं नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. मात्र 'आत मेले असते तर काय बिघडलं असतं' हे शेवटचं वाक्य तुम्ही स्वतःहून मागे घ्या.